महाराजाच्या तिकिटाची खरी किंमत

दिनांक २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाची मालकी भारत सरकारकडून टाटा समूहाकडे गेली. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालेली ही विमान कंपनी अडुसष्ट वर्षांहून अधिक काळानंतर मूळ संस्थापकांच्या घरी परतली, या भावनेने देशभर या घटनेचे स्वागत झाले. ते स्वाभाविकही होते. तथापि, आनंदाच्या त्या वातावरणात एका महत्त्वाच्या हिशेबाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. सरकारी मालकीच्या काळात या विमानसेवेचा खरा खर्च किती होता, तो कोणी सोसला आणि त्याच्या मोबदल्यात प्रवाशाला कोणत्या दर्जाची सेवा मिळाली, हा तो हिशेब होय.

ज्यांनी आयुष्यात कधी विमानात पाऊल ठेवले नाही, अशा कोट्यवधी करदात्यांनीही या तिकिटाचा काही भाग भरला आहे. कंपनीच्या कर्जात बँकांचा वाटा मोठा होता आणि बँकेचा पैसा म्हणजे अखेर ठेवीदाराचाच पैसा. त्यामुळे बँकेचे ग्राहक आणि कर्मचारी या दोघांनीही हे उदाहरण अभ्यासावे, इतके ते बोधप्रद आहे.

आसनाचा हिशेब

विमानातील आसन ही अत्यंत नाशवंत वस्तू आहे. भाजी विक्रेता संध्याकाळी उरलेला माल निम्म्या भावात का होईना, विकू शकतो. विमानाने धावपट्टी सोडली की रिकामे राहिलेले आसन कोणत्याही भावाने विकता येत नाही. म्हणून या व्यवसायात खर्च मोजण्याचे एकक ठरले आहे, ते ‘उपलब्ध आसन-किलोमीटर’. विमानातील आसनांची संख्या गुणिले कापलेले अंतर, म्हणजे कंपनीने विक्रीसाठी ठेवलेला माल. त्यांपैकी प्रत्यक्ष किती आसने भरली, याचे शेकडा प्रमाण म्हणजे भारमान. एसटीच्या कारभारामुळे हा शब्द महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १८० आसनांचे विमान १,१५० किलोमीटरच्या मार्गावर एक फेरी करते आणि त्या फेरीचा एकूण खर्च ६ लाख ३० हजार रुपये येतो, असे समजावे. उपलब्ध आसन-किलोमीटर २ लाख ७ हजार झाले. म्हणजे दर आसन-किलोमीटरमागे खर्च सुमारे ३ रुपये. भारमान ७० टक्के असेल, तर १२६ प्रवाशांवर हा खर्च विभागला जाऊन दरडोई ५,००० रुपये पडतो. भारमान ८० टक्क्यांवर गेले, तर प्रवासी १४४ होतात आणि दरडोई खर्च ४,३७५ रुपयांवर येतो. विमान तेच, इंधन जवळपास तेवढेच आणि वैमानिकही तेच. फरक पडतो तो केवळ भरलेल्या आसनांचा.

दुसरा घटक विमानाच्या वापराचा. विमानाचे भाडे किंवा त्यावरील कर्जाचे व्याज ते उडाले तरी द्यावे लागते आणि उभे राहिले तरी. हा दैनंदिन स्थिर खर्च १२ लाख रुपये असेल, तर दिवसाला चार फेऱ्या करणाऱ्या विमानाला प्रत्येक फेरीमागे ३ लाख रुपये मोजावे लागतात. सहा फेऱ्या करणाऱ्या विमानाला २ लाख रुपये पुरतात. त्यामुळे दुरुस्तीला लागणारा विलंब किंवा सुट्या भागांची टंचाई यांची किंमत थेट तिकिटात उतरते.

इंधनाचा भार भारतात सर्वच विमान कंपन्यांना जाणवतो. विमान इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्यांचा विक्रीकर लागतो. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड क्षेत्रांतील हा दर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. हा बोजा सर्वांना समान असल्याने सरकारी कंपनी महाग का पडली, याचे उत्तर इंधनात सापडत नाही. ते विमानांची खरेदी, कर्जाचे व्याज आणि निर्णयप्रक्रिया यांत शोधावे लागते.

कीर्तीचा काळ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कै. जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे विमान आणले. शासकीय अनुदानाविना, टपाल वाहतुकीच्या मोबदल्यावर हा व्यवसाय उभा राहिला. १९४६ मध्ये तिचे एअर इंडिया या सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या कुंचल्यातून कंबरेत वाकून स्वागत करणारा महाराजा साकारला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे प्रस्थान केले.

१ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल अशी दोन महामंडळे अस्तित्वात आली. जे. आर. डी. टाटा यांचा राष्ट्रीयीकरणास विरोध होता. तरीही त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. प्रवासात दिसलेल्या बारीकसारीक त्रुटींची नोंद करून ती संबंधितांना कळवण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. १९६० मध्ये बोईंग ७०७ जातीची जेट विमाने ताफ्यात आली आणि आतिथ्यासाठी या कंपनीचे नाव जगभर घेतले जाऊ लागले.

हा सर्व काळ सरकारी मालकीचाच होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सेवेचा दर्जा केवळ मालकाच्या नावावर ठरत असता, तर ही कीर्ती मिळालीच नसती. मालकी शासनाची असली, तरी दैनंदिन कारभाराची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीकडे होती आणि त्या व्यक्तीला निर्णयाचे स्वातंत्र्यही होते. कीर्तीचे एक प्रमुख कारण या व्यवस्थेत दिसते.

देशांतर्गत सेवेचे चित्र वेगळे होते. तेथे चार दशके इंडियन एअरलाइन्सची मक्तेदारी होती. प्रवाशाला पर्यायच नसल्याने उशीर, रद्द झालेली उड्डाणे किंवा कर्मचाऱ्यांची अनास्था यांचा परिणाम उत्पन्नावर दिसून येत नसे. मक्तेदारीत अकार्यक्षमतेचा खर्च भाड्यात सहज मिसळून जातो. १९९४ मध्ये हवाई महामंडळ कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रीतसर वाव मिळाला आणि हा आडोसा नाहीसा झाला. २००३ मध्ये एअर डेक्कनने अल्पदरातील विमानसेवा सुरू केली. २००६ पासून इंडिगोने एकाच जातीच्या विमानांवर भर देत वैमानिक प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल यांवरील खर्च आटोक्यात ठेवला.

कर्जावर उभारलेला ताफा

स्पर्धेला उत्तर देण्यासाठी नवी विमाने आवश्यक होती, यात शंका नाही. प्रश्न होता किती घ्यावीत आणि पैसा कोठून आणावा, हा. २००५-०६ च्या सुमारास एअर इंडियासाठी बोईंगची ६८ आणि इंडियन एअरलाइन्ससाठी एअरबसची ४३, अशा एकूण १११ विमानांच्या खरेदीचे निर्णय झाले. एअर इंडियाचा मूळ प्रस्ताव २८ विमानांचा होता. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०११ च्या अहवालात या वाढीवर आणि जवळजवळ संपूर्ण खरेदी कर्जातून करण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली.

बँकेतील कर्ज विभागात काम करणाऱ्यास या टीकेचे मर्म लगेच उमगेल. लहान उद्योजक यंत्रसामग्रीसाठी कर्ज मागतो, तेव्हा बँक त्याला स्वतःचे मार्जिन विचारते. धंदा मंदावला, तर पहिला धक्का सोसण्यासाठी मालकाचे भांडवल असावे, हा त्यामागील हेतू. येथे मालक प्रत्यक्ष सरकार होते. सरकारची हमी होती. परंतु पुरेसे भागभांडवल नव्हते. हमीमुळे कर्जदात्याची जोखीम कमी होते, कर्जदाराचा धंदा मात्र त्यामुळे किफायतशीर होत नाही.

२००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. कागदावर एक झालेल्या संस्थेत वेतनश्रेणी, बढतीचे नियम आणि कामाच्या पद्धती दोन राहिल्या. उड्डाणांचा संकेतही २०११ पर्यंत एक झाला नव्हता. कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणाचा प्रश्न सोडवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणत्या गटातील वैमानिकांना मिळावे, या वादातून झालेला संप ५८ दिवस चालला. त्यात परदेशी उड्डाणे विस्कळीत झाली आणि प्रवासी अन्य कंपन्यांकडे वळले. २०११-१२ या वर्षाचा तोटा ७,५०० कोटी रुपयांच्या वर गेला.

एप्रिल २०१२ मध्ये केंद्र सरकारने २०२०-२१ पर्यंत ३०,२३१ कोटी रुपयांचे भागभांडवल टप्प्याटप्प्याने पुरवण्याची योजना मंजूर केली. भारतीय स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांच्या समूहाने कर्जाची पुनर्रचना केली. भांडवल आले, पण ते उशिरा आले आणि त्याचा मोठा भाग जुने देणे फेडण्यात गेला.

व्याज आधी, प्रवासी नंतर

२०१५-१६ या वर्षी कंपनीने १०५ कोटी रुपयांचा कार्यकारी नफा जाहीर केला. त्याच वर्षी निव्वळ तोटा मात्र ३,८०० कोटी रुपयांहून अधिक होता. कार्यकारी नफ्यात कर्जावरील व्याज धरलेले नसते, हे या तफावतीचे मुख्य कारण. पुढे महालेखापरीक्षकांनी तो कार्यकारी नफादेखील अमान्य करून प्रत्यक्षात सुमारे ३२१ कोटी रुपयांचा कार्यकारी तोटा असल्याचे नमूद केले. ताळेबंदातील एकाच आकड्यावर विसंबून निष्कर्ष काढू नये, या नियमाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

वर्षाला हजारो कोटी रुपये व्याजापोटी जाऊ लागले, की बचत कोठून करायची? इंधनात कपात करता येत नाही. विमानतळाचे शुल्क टाळता येत नाही. सुरक्षिततेशी तडजोड करता येत नाही आणि करूही नये. उरते ती आसनांची डागडुजी, पडद्यांची दुरुस्ती, सुट्या भागांचा साठा, प्रवासी सेवेतील सुधारणा. म्हणून मोडलेले आसन, बंद पडलेला पडदा, सुट्या भागांअभावी जमिनीवर उभी राहिलेली विमाने आणि त्यामुळे लांबलेली उड्डाणे, हे सारे प्रवाशाच्या वाट्याला आले. प्रवाशाला समोर दिसत असे ती कर्मचाऱ्याची हतबलता. तिचे मूळ असे कर्जाच्या खात्यात.

अतिरिक्त कर्मचारी हे तोट्याचे एकमेव कारण म्हणून सांगण्याची प्रथा आहे. विलीनीकरणानंतरच्या काळात दर विमानामागे कर्मचाऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात होती, हे खरे. पुढे जमिनीवरील सेवा व अभियांत्रिकी विभाग उपकंपन्यांकडे गेले. विक्रीच्या वेळी कायम व कंत्राटी मिळून १२,०८५ कर्मचारी आणि ११७ विमाने होती. म्हणजे दर विमानामागे सुमारे १०३. हे प्रमाण निम्म्यावर आले, तरी तोटा थांबला नाही. २०१८-१९ मध्ये तो ८,५०० कोटी रुपयांच्या पुढे गेला.

बिल न केलेली सेवा

सरकारी विमान कंपनीकडून देशाने केवळ प्रवासी वाहतूक अपेक्षिली नव्हती. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर अम्मान-मुंबई मार्गावर ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणण्यात आले. मे २०२० पासून महासाथीच्या काळात वंदे भारत मोहिमेतही हीच कंपनी अग्रभागी होती. दुर्गम भागांतील तोट्याचे मार्गही तिने सांभाळले. या कामाचे मोल पैशांत करता येणार नाही; परंतु त्यासाठी लागणारे इंधन आणि वेतन पैशांतच द्यावे लागते.

येथे मूलभूत दोष होता. समाजासाठी केलेले काम आणि अकार्यक्षमतेमुळे झालेले नुकसान ही दोन्ही एकाच तोट्यात मिसळून गेली. त्यामुळे कंपनीला प्रत्येक तोट्यासाठी सामाजिक कर्तव्याचा आधार घेता आला आणि टीकाकारांना प्रत्येक सामाजिक कर्तव्याची गणना उधळपट्टीत करता आली. शासकीय ग्राहकाचा प्रश्नही असाच होता. २००९ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना शासकीय खर्चाने प्रवास करताना एअर इंडियाचे तिकीट घेणे सामान्यतः बंधनकारक होते. तिकिटे उधारीवर दिली जात आणि शासकीय खात्यांकडील थकबाकी साचत राही. हक्काचा ग्राहक लाभल्याने सेवा सुधारण्याची निकड कमी झाली आणि त्या ग्राहकाचे पैसेही वेळेवर आले नाहीत.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत याहून स्वच्छ मार्ग दिसतो. तोट्यातील प्रादेशिक मार्गासाठी बोली मागवायची, तूट किती ते आधी ठरवायचे आणि तेवढीच रक्कम शासनाने द्यायची, अशी ही पद्धत आहे. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, तेव्हा मुंबईहून पहिले विमान आले ते अलायन्स एअरचे. एअर इंडियाच्या विक्रीची घोषणा त्याच्या आदल्याच दिवशी झाली होती. विक्रीत समाविष्ट नसलेली ही उपकंपनी सरकारकडेच राहिली. महामंडळाची एसटी ज्येष्ठ नागरिकांना व महिलांना सवलत देते, तेव्हा राज्य शासनाने तिची प्रतिपूर्ती करावी, हेही तत्त्व याच जातीचे आहे. कर्तव्य सांगणाऱ्याने त्याचे बिल चुकते करावे.

विक्रीचा ताळेबंद

२०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा एकही बोली आली नाही. अखेर ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारण्यात आली. त्यांपैकी १५,३०० कोटी रुपये कर्जाच्या रूपाने होते आणि केवळ २,७०० कोटी रुपये रोख. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीचे एकूण कर्ज ६१,५६२ कोटी रुपये होते. उरलेले ४६,२६२ कोटी रुपये सरकारी मालकीच्या स्वतंत्र कंपनीकडे, म्हणजे पर्यायाने करदात्याकडे राहिले. २००९-१० पासून सरकारने दिलेली रोख मदत ५४,५८४ कोटी रुपये आणि हमी ५५,६९२ कोटी रुपये होती. शासनाच्याच सांगण्यानुसार अखेरच्या काळात ही सेवा चालू ठेवण्यासाठी दररोज सुमारे २० कोटी रुपये खर्ची पडत होते.

मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एअर इंडियाची इमारतही या ताळेबंदाचा भाग झाली. २०२४ मध्ये ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्राने मंजुरी दिली.

मालकी बदलली म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मानणे घाईचे ठरेल. डिसेंबर २०२२ मध्ये ४० जुन्या मोठ्या विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. वर्षानुवर्षे पुढे ढकललेल्या देखभालीचे ते बिल होते. २०२३-२४ या वर्षीही कंपनीला सुमारे ४,४४४ कोटी रुपयांचा तोटा झाला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या भीषण अपघाताने सुरक्षितता हाच सेवेचा पहिला निकष असल्याची वेदनादायी आठवण करून दिली. मालक सरकारी असो वा खासगी, या निकषातून कोणाचीच सुटका नाही.

मालकी आणि उत्तरदायित्व

सिंगापूर एअरलाइन्सचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९७२ मध्ये स्वतंत्र रूपात सुरू झालेल्या या कंपनीत बहुसंख्य भाग टेमासेक या सिंगापूर शासनाच्या गुंतवणूक संस्थेकडे आहेत. तरीही तिची सेवा जगात नावाजली जाते. महासाथीत तिलाही मोठ्या आर्थिक साहाय्याची गरज पडली. २०२० मध्ये ते साहाय्य भाग आणि परिवर्तनीय रोखे यांच्या रूपाने, भागधारकांची रीतसर संमती घेऊन उभारले गेले. मालकाने भांडवल वेळेवर आणि उघडपणे दिले. विस्ताराचे एअर इंडियात नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीनीकरण झाल्यानंतर याच कंपनीकडे एअर इंडियाचा २५.१ टक्के हिस्सा आला आहे.

१९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून सार्वजनिक क्षेत्रातील बँकाही अशीच दुहेरी भूमिका पार पाडत आल्या आहेत. खेड्यातील शाखा आणि शून्य शिलकीचे जनधन खाते यांतून तत्काळ नफा मिळत नाही; तथापि, त्यांची सामाजिक आवश्यकता निर्विवाद आहे. अशा कामाचा खर्च स्वतंत्रपणे मोजणे, भांडवलाची गरज वेळीच मांडणे, कर्ज देताना हमीपेक्षा प्रकल्पाच्या उत्पन्नक्षमतेकडे पाहणे आणि ग्राहकाची तक्रार हा खर्चाच्या पत्रकातील पहिला इशारा मानणे, ही चार पथ्ये एअर इंडियाच्या इतिहासातून निश्चितपणे घेता येतील. ग्राहकाच्या दृष्टीनेही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक संस्थेच्या खिडकीशी तो उभा असतो, तेव्हा तो केवळ ग्राहक नसून तिचा एक मालकही असतो. सेवेच्या दर्जाबरोबरच तिच्या खर्चाचा हिशेब विचारण्याचा अधिकार त्याला आहे आणि तो त्याने अवश्य बजावावा.